मूळ गाण्यात नसलेलं कडवं

एसटी सुटायला पाच मिनिटं होती आणि अण्णा हवेबद्दल बोलत होते.

"मळभ येतंय बघ. आज साचलं तर उरलासुरला मोहोर गेलाच." मग थोडं थांबून, "तिकडे उकाडा फार असतो म्हणे."

मी खिडकीत बसले होते. मांडीवर आईनं बांधून दिलेलं गाठोडं, केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर. त्याच्या वासानं पुढच्या बाकावरचे गृहस्थ सारखे शिंकत होते आणि दर शिंकेनंतर मागे वळून माझ्याकडे पाहत होते. मी वीस वर्षांची होते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र पर्समध्ये होतं आणि गावच्या वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्या वाचून संपल्या होत्या. त्या कादंबऱ्यांत मुलगी घर सोडून निघते तेव्हा बाप काहीतरी म्हणतो. निदान त्याचा आवाज तरी भरून येतो. मी वाट पाहत होते. कंडक्टरनं घंटी मारली. अण्णांनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि म्हणाले, "पंख्याखाली उघड्यानं निजू नकोस."

गाडी वळणावर गेली तेव्हा ते आकाशाकडे पाहत होते.

माझ्या बापाजवळ बोलायला काही नाही, असं मी त्या वळणावर ठरवून टाकलं. ते मत पुढे बरीच वर्षं बदललं नाही. मत न बदलण्याला मी तेव्हा कणखरपणा समजत असे.

हे सगळं लिहिण्याचं कारण आपल्या शाळेची स्मरणिका. 'गाव सोडताना' या विषयावर परगावी स्थायिक झालेल्यांनी "गोड आठवणी" पाठवाव्यात, असा निरोप गावच्या ग्रुपवर आला. त्याखाली सत्तावीस जणांनी हात जोडले. या ग्रुपबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. गाव सोडलेले लोक त्यावर सूर्यास्ताचे फोटो टाकतात आणि खाली "माती बोलावते" असं लिहितात. ती माती एसटीनं पाच-सहा तासांवर आहे, पण माती बोलावते म्हणून कुणी गाडीत बसल्याचं ऐकिवात नाही. आणि तुम्ही, जे तिकडेच राहिलात, ते रोज सकाळी ट्यूलिपच्या फुलांवर शुभ सकाळ छापून पाठवता. दारात सुरंगी उभी असताना ट्यूलिप! तेव्हा गोड आठवणींची अपेक्षा माझ्याकडून करू नका. जे आहे ते लिहिते.

आपलं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. अण्णा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि सकाळ-संध्याकाळ सुपारीच्या वाडीत. रहाटाला बैल जुंपला की त्यांना गाणं सुचायचं. एकच गाणं. जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. कुठलं ते सांगत नाही, नाहीतर ग्रुपवर दहा जण ते लगेच पाठवतील. रहाटाच्या कुरकुरीवर ते धृपद म्हणत, पहिलं कडवं म्हणत, आणि दुसरं कडवं विसरत. मग बैल थांबू नये म्हणून तिथं मनानं काहीतरी घालत. कुठल्या विहिरीचं पाणी खाली गेलंय, कुठलं झाड कललंय, कोणाची म्हैस कुंपणातून आत शिरलीय. वाडीचा सगळा अहवाल त्या चालीत बसायचा. मला शरम वाटायची. शेजारची मुलं ऐकत असत.

मुंबईला आल्यावर मी नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहिले आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून देत बसले. आत्ताच्या लोकांना ट्रंक कॉल सांगून समजत नाही. पोस्टात जाऊन नंबर नोंदवायचा, दोन-दोन तास बाकावर बसून राहायचं, आणि मग मिळायची ती तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा आहे का?" आणि त्या तीन मिनिटांत ही माणसं काय बोलत? "पाऊस आहे का तिकडे?" "नाही. तिकडे?" "इकडेही नाही." मग घसा खाकरणं. मग, "बाकी?" मग आम्ही.

आम्ही मुली जेवणाच्या सुट्टीत या लोकांच्या नकला करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली होती. मला घरीच नमुना मिळाला होता ना. अण्णांची पोस्टकार्डं तशीच यायची. "मोहोर बरा आहे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. पाणी पुरेल असे वाटते. तिकडे हवा कशी?" मी उत्तरात वाचलेल्या पुस्तकांबद्दल दोन-दोन पानं लिहीत असे. ते पुढच्या कार्डात लिहीत, "पत्र पोचले. आज मळभ आहे."

गाव सोडून वर्ष होत आलं होतं. एका संध्याकाळी वसतिगृहाच्या बाई जिन्यातून ओरडल्या, "तुझ्या गावाहून ट्रंक कॉल!" ट्रंक कॉल म्हणजे कुणीतरी गेलं, हा तेव्हाचा नियम. मी अनवाणी धावत खाली आले. तिकडून अण्णा मोठ्यानं, जणू खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे म्हणाले, "सुरंगी फुलली हो!"

"आई बरी आहे ना?"

"आहे की. काल कळ्या दिसल्या, आज सगळं झाड फुललं. मधमाश्यांनी जवळ जाववत नाही. तिकडे हवा कशी?"

भीती गेली की माणसाला राग येतो. मी म्हणाले, "अण्णा, एवढ्यासाठी? एवढ्यासाठी ट्रंक कॉल केलात?"

तिकडून नुसती खरखर. मग माझ्याच खात्यातली कुणी मुलगी मधे बोलली, "तीन मिनिटं झाली, वाढवायचा आहे का?" आणि अण्णा तिला, मला नव्हे, म्हणाले, "नको. झालं."

त्यांनी पुन्हा फोन केला नाही. पोस्टकार्डं येत राहिली, पण त्यांत आता हवा नसायची. "सर्व कुशल. काळजी नसावी." मला वाटलं, चला, सुधारले.

त्या मे महिन्यात घरी गेले तर सकाळी रहाटावरून गाणं ऐकू आलं. दुसऱ्या कडव्याच्या जागी आता विहीर नव्हती, म्हैसही नव्हती. नव्या ओळी पक्क्या बसवल्या होत्या :

पश्चिमेचा वारा आला, मोहोर माझा राखा कुणी,
सुरंगीला कळ्या आल्या, माळायाला नाही कुणी.

मी वाडीच्या बांधावर उभी राहून हसले. म्हणाले, "अण्णा, मूळ गाण्यात हे नाही."

बैलाच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले, "तुला काय माहीत? तू कुठे होतीस इथे."

मी ते उत्तर विनोद म्हणून मैत्रिणींना सांगितलं. पुढे तीनेक वर्षांत अण्णा गेले. फोन आला तो चुलत्यांचा. तीन मिनिटांतलं एकच वापरलं.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं परळला भाड्याच्या खोलीत काढली आणि मग नवऱ्यानं मीरा रोडला, शांती नगरात जागा घेतली. "हवा मोकळी आहे," असं त्याचं म्हणणं. मोकळी होतीच, तिला अडवायला काही नव्हतं. मिठागरं, चिखल, आणि टँकर आला की बादल्या घेऊन धावणारे आम्ही. परळच्या मैत्रिणी विचारायच्या, "मीरा रोड म्हणजे वसईच्या पुढे का गं?" ठाऊक असूनही विचारायच्या. गावी मात्र मी "मुंबईला असते" असंच सांगत आले, आणि गावानं ते मानलं, कारण गावाला मुंबई आणि मीरा रोड यांतला फरक ठाऊक नव्हता आणि मला तो सांगायचा नव्हता. आता इथं माणसांना उभं राहायला जागा नाही. आमच्या इमारतीला एका फुलाचं नाव आहे. ते फूल आवारात कधी उगवल्याचं मला आठवत नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला असतो. विचारलं की तिकडच्या हवेचा स्क्रीनशॉट पाठवतो.

आवारात एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर रोज संध्याकाळी मी आणि हंसाबेन.

हंसाबेन दुसऱ्या मजल्यावरच्या. मूळच्या भावनगरकडच्या, लग्न होऊन भाईंदरला आल्या, यजमानांचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते आता मुलगा पाहतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण स्वतःहून कधी सांगत नाहीत. आमची भाषा कुठल्याही व्याकरणात बसणार नाही. त्या गुजरातीत सुरुवात करतात, हिंदीत पोचतात आणि मी चेहरा वाकडा केला की मराठीत शेवट करतात.

बोलणं नेहमी वाऱ्यापासून सुरू होतं. आमच्याकडे झाडं चार, पण वारे दोन आहेत. फाल्गुन-चैत्रात सकाळी वारा पूर्वेचा असतो. तो काशीमीऱ्याच्या हायवेवरून ट्रकांचा धूर आणि गॅरेजांची धूळ घेऊन येतो, आणि तो जेवढा वेळ टिकेल तेवढं डोकं तापतं. मग दुपारी केव्हातरी वारा पश्चिमेचा होतो आणि उत्तनकडून समुद्र येतो, बरोबर सुक्या मासळीचा वास घेऊन. हंसाबेन शाकाहारी. तरी त्या वासाची वाट पाहतात.

"आजे केटला वाग्या आया?"

"तीनला."

"काल से आधा घंटा लेट. अब गरमी पडेगी, कुसुमबेन, देखना."

हे झालं की पुस्तकं. त्यांना मराठी वाचता येतं, बोट ठेवून, हळू. मी देते ते सगळं वाचतात आणि परत देताना एका वाक्यात निकाल लावतात. एका थोर म्हणवल्या जाणाऱ्या कादंबरीबद्दल म्हणाल्या, "इसमें वो बाई दोनशे पानं रडते. घर में काम नहीं है क्या उसको?" त्या कादंबरीवर मी तीन परीक्षणं आणि एक भलीमोठी प्रस्तावना वाचली होती. एवढं नेमकं त्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

आणि शेवटी गाणी. उजेड कमी झाला, पानं दिसेनाशी झाली की त्या म्हणत, "चलो, अब वो आपका." मी अण्णांचं गाणं गुणगुणायची. दुसरं कडवं मला येतं, छापील, शुद्ध, काना-मात्रेसकट. पण त्या बाकावर ते कधी तोंडात आलं नाही. अण्णांच्याच ओळी यायच्या. हंसाबेननी एकदा अर्थ विचारला, मी सांगितला. ओळी कुणाच्या तेही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तमे त्यां नहोता ने." तुम्ही तिथं नव्हतात ना. अण्णांनी दिलं होतं तेच उत्तर, भावनगरमार्गे आलेलं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धुरी हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. साध्या पाणीकपातीची सूचनाही "सर्व सन्माननीय सभासदांस" अशी सुरू करून "आपला विनम्र" अशी संपवतात, आणि मधे पाणी केव्हा जाणार ते लिहायचं विसरतात. ते बाकावरून जाता-येता आमचं ऐकत असावेत. माघ संपताना एकदा थांबून म्हणाले, "काकू, हा तुमचा जो कन्सेप्ट आहे ना, हा आपण मोठ्या लेव्हलवर नेऊ."

माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी लहान माणूस मला काकू म्हणतो.

"कुठला कन्सेप्ट?"

"हेच. ऋतू, पुस्तकं, जुनी गाणी. 'वसंत संवाद'! स्टेज, माईक, प्रमुख पाहुणे. तुम्ही सूत्रसंचालन करा."

मी म्हणाले, "धुरी, दोन बायका बाकावर बसून गप्पा मारतात. त्याला स्टेज लागत नाही. उद्या तुम्ही आमच्या जांभईला दीपप्रज्वलन कराल."

ते हसले. अपमान कळत नाही हे अशा माणसांचं मोठंच भांडवल असतं. आठ दिवसांत गेटवर बॅनर लागला. त्यावर कमिटीच्या नऊ जणांचे फोटो, हात जोडलेले. एका कोपऱ्यात कोकिळा, खजिनदारांच्या कानाएवढी.

त्याच सुमारास हंसाबेन खाली यायच्या बंद झाल्या. पहिले दोन दिवस मला वाटलं, गुडघा. मग दहा दिवस झाले. मी रोज एकटी बसायची, वारा तीनला आला की साडेतीनला हे सांगायला कुणी नव्हतं. अकराव्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या, हातात हिरव्या पुठ्ठ्याची वही. चेहरा शाळकरी मुलीसारखा.

"कुसुमबेन, सरप्राइज था, पण आता सांगते. प्रोग्राम में मैं गाने वाली हूँ. रोज प्रॅक्टिस करती हूँ ऊपर, दार बंद करके."

मी अकरा दिवस वाट पाहिली होती. म्हणाले, "एवढ्यासाठी? एवढ्यासाठी खाली आला नाहीत? त्या धुरीच्या तमाशात नाचायला?"

त्यांनी वही छातीशी धरली. "नाचती नहीं," त्या म्हणाल्या. "गाती हूँ." आणि वर निघून गेल्या.

मी जिन्यात उभी होते. आपण हे वाक्य आधी कुठं बोललो आहोत, हे तेव्हा आठवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. आठवलं नाही. मी बाजारात गेले आणि वाटेत धुरींना आणखी काय काय म्हणता आलं असतं याचा विचार केला. चांगल्या गोष्टी सुचल्या.

कार्यक्रम पाडव्यानंतरच्या रविवारी झाला. स्टेजसाठी जागा हवी म्हणून आमचा बाक दोघा कामगारांनी उचलून जनरेटरच्या मागे नेऊन ठेवला. संवादासाठी संवादाची जागा हलवली, यात कुणाला काही खटकलं नाही. मी जाणार नव्हतेच. पण बरोबर सहा वाजता मला कोथिंबीर लागली, आणि कोथिंबीर आणून मी गेटपाशी पिशवी घेऊन उभी राहिले, जणू कुणाची तरी वाट पाहतेय.

प्रमुख पाहुणे जुन्या गाण्यांचे अभ्यासक होते. नाव सांगत नाही. निमंत्रणावर त्यांच्या नावाआधी चार विशेषणं होती. ते दीड तास उशिरा आले. मग शब्दसुमनांनी स्वागत झालं. मग शाल, श्रीफळ, आणि पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायची पुरोगामी प्रथा म्हणून पुस्तक. ते पाहुण्यांचंच होतं. त्यांनी स्वतःचं पुस्तक आदरानं कपाळाला लावलं. मग धुरी वसंत ऋतूवर वीस मिनिटं बोलले. भाषणात मंद वाऱ्याची झुळूक चार वेळा आली. स्टेजवरच्या दोन उभ्या पंख्यांतला एक बंद होता आणि दुसऱ्याचं तोंड धुरींकडे होतं. पुस्तकांवर बोलायला वेळ उरला नाही, म्हणून पुस्तकांना एक मिनिट टाळ्या वाजवण्यात आल्या. हे मी रचून सांगत नाही.

शेवटी "आपल्या गुजराती भगिनी" म्हणून हंसाबेनना बोलावलं. त्या निळी बांधणी नेसल्या होत्या. माईक त्यांच्या उंचीला कुणी आणला नाही, तेव्हा त्याच टाचा उंचावून उभ्या राहिल्या. वही उघडली, एकदा समोरच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. कुणाला शोधत होत्या ते मला ठाऊक होतं. मी खांबाच्या आड होते.

त्या अण्णांचं गाणं गायल्या. आवाज म्हातारा, थोडा घोगरा, पण सुरात. पहिल्या कडव्याला लोकांनी मान डोलावली. आणि मग त्या दुसऱ्या कडव्यात शिरल्या. पश्चिमेचा वारा आला. सुरंगीला कळ्या आल्या. मीरा रोडच्या त्या आवारात, लाऊडस्पीकरवरून, रहाटाच्या लयीत. मी ते जसं गुणगुणत असे तसंच, माझ्या दम घ्यायच्या जागांसकट. त्या माझ्या नव्हत्याच, अण्णांच्या होत्या. बैल वळायचा तिथं ते दम घेत.

पाहुण्यांनी हात वर केला. धुरींनी तत्परतेनं दुसरा माईक त्यांच्या हातात दिला.

"ताई, एक मिनिट," पाहुणे प्रेमळ हसून म्हणाले. "मूळ गाण्यात हे नाही."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. हंसाबेन वहीकडे पाहत राहिल्या. सांगता आलं असतं त्यांना. ओळी कुणाच्या ते त्यांना ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मी या सगळ्याला तमाशा म्हटलं होतं. त्यांनी वही मिटली आणि त्या पायऱ्या उतरल्या. पाहुण्यांनी मूळ कडवं स्वतः गाऊन दाखवलं, अगदी शुद्ध, आणि सुराच्या बाहेर. प्रचंड टाळ्या.

मी पुढे जाऊन बोलले असते असं तुम्हाला वाटत असेल. एरवी माझ्याजवळ प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. पण ते वाक्य माझं होतं, शब्द न शब्द. वाडीच्या बांधावर उभी राहून मीच ते म्हटलं होतं, आणि तेव्हा मीही अशीच प्रेमळ हसले होते. त्या माणसाला काय म्हणणार? मी कोथिंबीर घेऊन घरी आले. स्टेज, शाल, कोकिळा यांची आयुष्यभर टिंगल केली, आणि त्या मांडवात उद्धटपणाचा मूळ नमुना गेटपाशी पिशवी घेऊन उभा होता.

पुढचे चार दिवस हंसाबेन खाली आल्या नाहीत. बाकही जनरेटरमागेच होता. धुरींनी "अभूतपूर्व यश" असं लिहून ग्रुपवर फोटो टाकले. पाचव्या दिवशी मी वॉचमनच्या मागे लागून बाक परत आणवला. तो म्हणाला, "आंटी, क्या जल्दी है?" मी म्हटलं, "है." एरवी खुर्चीतून कष्टानं उठणारा तो माणूस त्या दिवशी धावला.

मग मी दुसऱ्या मजल्यावर गेले. माफी मागायची म्हणून वाक्यं तयार केली होती, तिन्ही भाषांत. अण्णांच्या ओळी तुम्ही गायलात, मी खांबाआड लपले, वगैरे. बेल वाजवली. दार हंसाबेननीच उघडलं. आतून फोडणीचा वास येत होता. त्या आत या म्हणाल्या नाहीत. जिन्याच्या खिडकीतून वारा आला, खारट, सुक्या मासळीचा.

मी म्हणाले, "पश्चिमेचा वारा आला. आज अडीचलाच."

हंसाबेननी पदराला हात पुसले. मग स्वच्छ मराठीत, माझ्याच सुरात म्हणाल्या, "एवढ्यासाठी?"

"हो," मी म्हणाले. "एवढ्यासाठीच."

त्यांनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि हिरवी वही घेतली. बाकावर बसल्यावर मी ती मागितली. गाणं त्यांनी गुजराती लिपीत लिहून घेतलं होतं, पहिलं कडवं निळ्या शाईत, अण्णांचं लाल शाईत. मला गुजराती वाचता येत नाही. माझ्या बापाच्या दोन ओळी तोवर पृथ्वीवर एकाच ठिकाणी लिहिलेल्या होत्या आणि त्या वाचायला मला दुसऱ्या मजल्यावरची बाई लागली. त्यांनी बोट ठेवून, हळू, वाचून दाखवल्या आणि मी त्यांना त्या ट्रंक कॉलचं सांगितलं. शेवटी बोट उचलून म्हणाल्या, "पछी अण्णाने फिर कभी फोन नहीं किया?"

"नाही."

"आपको करना था."

एवढी साधी गोष्ट. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, हजारो लोकांची बोलणी जोडली, आणि हे कधी सुचलं नाही.

तेव्हा तुम्ही, जे तिकडेच राहिलात, तुमच्या स्मरणिकेला हे गोड वाटणार नाही. छापू नका, माझी हरकत नाही. 'घर म्हणजे काय' यावर दोन ओळी लिहा असंही तुम्ही कळवलं होतं. मला आता घर म्हणजे तो माणूस वाटतो, ज्याला वारा किती वाजता आला ते सांगता येतं आणि जो हसत नाही. माझा तसा एक तिकडे होता. इथं एक आहे. इतरांचा हिशोब मला माहीत नाही.

एक काम मात्र करा. आमच्या वाडीचा बांध संपतो तिथं विहिरीच्या पलीकडे सुरंगीचं झाड आहे. जागा आता चुलतभावांकडे आहे, पण झाड असावं. ते फुललं की मला कळवा. ट्यूलिप पाठवू नका. फोन करा. एवढ्यासाठी केलात तरी चालेल.